'कान फुटला' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : कानातून पू आला की आमच्या घरी 'कान फुटला' म्हणतात. डॉक्टर म्हणाले, 'पडद्याला भोक आहे.' दोन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर : पुष्कळदा हो. सर्दीनंतर मधल्या कानात पू साचतो, दाब वाढतो, रात्रभर ठणका लागतो. मग पडद्याला भोक पडून पू बाहेर येतो आणि ठणका ओसरतो. गळू फुटावं तसंच हे, म्हणून 'फुटणे' अगदी चपखल. पण महिनोन्‌महिने पाणी किंवा पू येत असेल तर 'कान वाहतो' म्हणावं. डॉक्टरांना त्यातूनच दुखणं ताजं की जुनं ते कळतं. थपडेने किंवा काडीने झालं असेल तर सरळ 'पडदा फाटला' म्हणा. तिथे सुरुवातीला पू नसतोच.

आणखी एक उत्तर : वाहणाऱ्या कानाला वास येतो का, तेही आवर्जून सांगा. स्राव थोडाच, पण घाण वासाचा आणि सतत असेल तर आतली कातडी वाढत जाऊन हाड कुरतडत असण्याची शक्यता असते. ऐकू येण्यासाठी लागणारी हातोडा, ऐरण आणि रिकीब ही चिमुकली हाडं त्यात झिजतात. मधल्या कानाच्या वर कवटीचा पातळ पापुद्रा आणि त्यापलीकडे लगेच मेंदू, म्हणून असा कान अंगावर काढू नये.

प्रश्न : मग 'कानामागे सुजलं' म्हणजे गालगुंड ना?

उत्तर : नाही, इथे फार गल्लत होते. गालगुंडाची सूज कानाच्या पाळीच्या खाली आणि पुढे येते, पाळी वर उचलल्यासारखी दिसते. कानामागचं हाड आतून जाळीदार असतं, मधल्या कानातला पू तिथे शिरला की कानामागे लाल, दुखरी सूज येते आणि अख्खा कान पुढे ढकलला जातो. सोबत ताप असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जाता जाता 'दडा बसणे'बद्दल. सर्दीत, घाटात, विमानात दडा बसतो आणि बहुधा सुटतोही. पण सर्दी नसताना एकाच कानाला अचानक दडा बसून ऐकू येईनासं झालं, तर ते आतल्या कानाचं किंवा नसेचं दुखणं असू शकतं. औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. अशा वेळी डॉक्टरांना नुसतं 'दडा बसलाय' सांगू नका, 'कालपासून या कानाने ऐकूच येत नाही' असं सांगा.