मदत हवी आहे: इंदूरमधल्या मराठी घरांची वयवार आकडेवारी कशी काढायची?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या एका मराठी मंडळाला पुढच्या कामाची आखणी करायची आहे. ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र हवं की मुलांसाठी मराठीचे वर्ग, यावर वाद चाललाय आणि आकडे कुणाकडेच नाहीत. शहरात मराठी घरं किती, घरटी माणसं किती, साठीपुढचे किती, एकेकटे राहणारे ज्येष्ठ किती आणि पंधराच्या आतली मुलं किती, एवढं हवंय.

२०११ च्या जनगणनेचे वॉर्डवार आकडे मिळाले, त्यात भाषा नाही. भाषेचा तक्ता मिळाला, त्यात वय नाही. वर घरांची संख्या दोन ठिकाणी दोन वेगळ्या आकड्यांत दिसते, कोणती धरायची? एका सदस्याचं म्हणणं, मतदार यादीतली मराठी आडनावं मोजा, झालं काम. हाताशी दहा-बारा स्वयंसेवक आणि दोन महिने आहेत.

तक्तेबहाद्दर

आधी एक स्पष्ट करतो, म्हणजे शोधाशोध वाचेल. "मराठी घर" असा हिशेब जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत नाही. मातृभाषा माणसागणिक नोंदली जाते, घरागणिक नाही. सी-१६ तक्त्यात मातृभाषेप्रमाणे फक्त स्त्री-पुरुषांची संख्या असते. वय हवं तर सी-१४ (पाच-पाच वर्षांचे गट, शेवटचा ८०+) किंवा सी-१३ (एकेका वर्षाचा). घराचा आकार हवा तर एचएच-१. हे तिन्ही वेगवेगळे उभे आहेत, आडवे जोडता येत नाहीत. शहराची वयरचना घेऊन ती मराठी संख्येला लावायचा मोह होईल, तो टाळा. जुन्या वस्त्यांतल्या मराठी समाजाचं वयोमान शहराच्या सरासरीसारखं असेल असं धरायला काहीच आधार नाही, आणि तुम्हाला तर नेमका तोच फरक मोजायचा आहे.

सी-१६ उघडताना दोन गोष्टी बघा. जिल्हा-तहसिलांचा तक्ता वेगळा आणि शहरांचा वेगळा. तुम्हाला शहरांचा हवा. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३२.८ लाख होती आणि महानगरपालिकेची १९.६ लाखांच्या आसपास. जिल्ह्याची ओळ उचललीत तर महू, सांवेर, देपालपूर सगळं आत येईल. दुसरं म्हणजे भाषेच्या गटाची ओळ आणि त्याखालच्या मातृभाषांच्या ओळी वेगळ्या असतात. खानदेशातून आलेल्या कुटुंबाने "अहिराणी" सांगितलं असेल तर ते मराठीत नाही, "खानदेशी" या स्वतंत्र गटात सापडेल. कोकणी आणि मालवणीही वेगळ्या गटात. मंडळात ही मंडळी असतील तर त्या ओळी पाहून, कोणत्या धरल्या ते लिहून ठेवा. गटाची बेरीज आणि खालच्या ओळी दोन्ही एकत्र मिळवू नका, आकडा दुप्पट होतो.

आता घरांच्या दोन आकड्यांचं. प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातली घरं फेब्रुवारी २०११ च्या शिरगणतीतली आहेत. त्यात वसतिगृहं, आश्रम, तुरुंग अशी संस्थात्मक घरं आणि बेघरांचे गटही "घर" म्हणून मोजलेले असतात. सुखसोयींचे तक्ते (नळ, स्वयंपाकघर, इंधन वगैरे) २०१० च्या घरयादीतून आले आणि त्यांत संस्थात्मक घरं वगळली आहेत. देशाचे आकडे बघितले तरी पहिल्यात सुमारे २४.९ कोटी घरं, दुसऱ्यात २४.७ कोटींच्या आसपास. चूक कुणाचीच नाही. घरटी माणसं काढायची तर गोषवाऱ्यातल्या लोकसंख्येला घरयादीतल्या घरांनी भागू नका. अंश आणि छेद दोन्ही एकाच फेरीतले हवेत. त्याहून बरं म्हणजे सरळ एचएच-१, तो फक्त सर्वसाधारण घरांचा आहे.

जुनी इंदूर

आडनावांचा नाद सोडा हो. जोशी मराठीही असतात, मालवीही, गुजरातीही. चौधरी, पंडित, पुरोहित यांचं तेच. उलट होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या कित्येक घरांची आडनावं बाहेरच्याला मराठी वाटतच नाहीत.

आणि मतदार यादीत अठराच्या खालचं कुणी नसतं, म्हणजे मुलांचा प्रश्न तिथेच बाद. पुण्या-बेंगळुरूला गेलेल्यांची नावं राहून जातात, नवीन सुनेचं नाव माहेरी असतं. यादीतला घरक्रमांक इमारतीचा, चुलीचा नव्हे. वाड्यात तीन बिऱ्हाडं असली तरी क्रमांक एकच, आणि चौकातल्या अपार्टमेंटच्या वीस सदनिकांचाही कधीकधी एकच.

रामबागकर

समजलं. मग समग्र आयडीवरून? मध्य प्रदेशात तर प्रत्येक परिवाराचा आठ अंकी क्रमांक आहे, सदस्याचा नऊ अंकी.

तक्तेबहाद्दर

समग्रचा परिवार योजनांसाठी बनलेला असतो. लाभासाठी एका घरातली दोन भावंडं दोन परिवार दाखवतात, लग्न झालेल्या मुलाचं नाव लगेच वेगळं होतंच असं नाही. जनगणनेची व्याख्या साधी आहे: सहसा एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर, नातं असो वा नसो. तुमच्या पाहणीतही हीच धरा. शिवाय समग्रमधली वैयक्तिक माहिती मंडळाला उघडपणे मिळणार नाही आणि मिळवूही नये.

नमुना_निवड

रामबागकर काका, मग स्वतःची पाहणीच करावी लागेल. दहा-बारा माणसं आणि दोन महिने पुरतात, पण यादी नीट केलीत तरच.

मंडळाच्या सभासद यादीवरून सुरुवात कराल, ते स्वाभाविक आहे. तिच्यात दोन दोष असतात. सभासद बहुधा वयस्क, त्यामुळे ज्येष्ठांचं प्रमाण फुगतं. आणि यादी माणसांची असते. ज्या घरात तीन सभासद त्याची निवड होण्याची शक्यता तिप्पट. म्हणून आधी पत्त्यावरून एक चूल एक ओळ अशी यादी करा. मग ती वाढवा: मराठी शाळांचे माजी विद्यार्थी, गणेशोत्सव मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, भजनी मंडळं, नोकरीनिमित्त आलेल्यांचे व्हॉट्सॲप गट. शेवटचे विसरू नका. सुपर कॉरिडॉर आणि विजय नगरकडची तरुण बिऱ्हाडं रामबाग किंवा लोकमान्य नगरच्या वह्यांत नसतात, आणि लहान मुलं तिथेच जास्त सापडण्याची शक्यता.

किती घरं? निव्वळ यादृच्छिक निवड असेल तर ९५ टक्के विश्वासार्हता आणि ५ टक्के इकडेतिकडे यासाठी ३८५ घरं लागतात. वस्तीवस्तीने निवडल्यावर शेजारीपाजारी सारखे निघतात, म्हणून दीडपट करा: सुमारे ५८०. शंभरातली पंधरा घरं बंद किंवा नकार देणारी धरा, म्हणजे सातशेच्या घरात. समजा यादीत ५,६०० घरं आहेत, तर दर आठवं घर. पहिल्या आठांतलं कोणतं ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि तिथून आठाआठाने पुढे. बंद घराऐवजी शेजारचं घेऊ नका. वेगळ्या वेळी तीनदा जा, एकदा तरी रविवारी. दुपारी दार उघडणारी घरं म्हणजे ज्येष्ठांचीच घरं. शेजार घेत गेलात की तरुण नोकरदार गायब आणि केंद्राची मागणी आपोआप सिद्ध!

"एकटे ज्येष्ठ" असं घर १० टक्के आलं तर खरा आकडा ७ ते १३ टक्क्यांत असेल, हे अहवालात लिहा. वस्तीवार टक्केवारी मात्र छापू नका. एका वस्तीत ७० घरं आली तर चूक १२ टक्क्यांपर्यंत जाते आणि मग सुदामा नगर विरुद्ध राजेंद्र नगर असा नसता वाद पेटतो.

आणि हे सगळं तुमच्या यादीतल्या घरांबद्दल खरं. यादीत न आलेल्या घरांबद्दल हे गणित काहीच सांगत नाही, म्हणून यादीवर वेळ घालवा. दोनपैकी पहिला महिना तिच्यावर गेला तरी चालेल.

रामबागकर

ताई, फार उपयोगी. प्रश्न काय विचारायचे? आणि नवरा मराठी, बायको मालवी असलं घर मराठी धरायचं का?

नमुना_निवड

आधी ठरवू नका, माणसागणिक विचारा. जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आई त्या माणसाशी जी भाषा बोलली ती; आई लवकर गेली असेल तर बालपणी घरात मुख्यतः बोलली गेलेली. हाच प्रश्न प्रत्येकासाठी विचारा आणि जोडीला "आज घरात मुख्यतः कोणती". मग एक तरी मराठी मातृभाषक असलेली घरं, सगळेच असलेली घरं, आणि आज घरात मराठी चालणारी घरं, असे तीन आकडे वेगळे काढता येतात. मुलांच्या वर्गांसाठी पहिला आकडा वजा तिसरा हाच कामाचा.

बाकी फॉर्म एका पानात बसवा. वय नको, जन्मवर्ष विचारा. वय विचारलं की लोक ६०, ६५, ७० अशी गोल संख्या सांगतात आणि साठीची रेघच डळमळते. तपासायचं असेल तर २३ ते ६२ वयातली ० आणि ५ ने संपणारी वयं मोजा, त्यांना पाचाने गुणा, त्या वयाच्या एकूण माणसांनी भागा, शंभराने गुणा. १०० च्या आसपास आलं तर ठीक, १२५ ओलांडलं तर स्वयंसेवक अंदाजाने वय लिहीत आहेत. नावं आणि फोन वेगळ्या कागदावर, फॉर्मवर फक्त क्रमांक. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असो नसो, संमती विचारूनच सुरुवात करा.

तक्तेबहाद्दर

अवलंबित्वाचं गुणोत्तर (कमावत्या वयाच्या शंभर माणसांमागे मुलं आणि ज्येष्ठ किती) काढाल तेव्हा साठीची रेघ धरली की पासष्टची, ते एकदाच ठरवा. समजा ३८० माणसांत पंधराखालची ६० आणि साठीपुढची ९५, तर मधली २२५. (६० + ९५) ÷ २२५ म्हणजे शंभर कमावत्या वयाच्या माणसांमागे सुमारे ६९. केंद्र की वर्ग यासाठी मात्र दोन्ही वेगळे हवेत: मुलांचे २७, ज्येष्ठांचे ४२.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) जिल्हा पत्रकात इंदूरचं पंधराखालच्यांचं प्रमाण मिळेल, तुलनेला घ्या. तिथे आदल्या रात्री घरात झोपलेली माणसं मोजतात. तुम्ही नेहमी राहणारी मोजाल. फरक थोडाच, पण तळटीप द्या.

नकाशेवाला

वॉर्डांबद्दल कुणी बोललं नाही. २०११ मध्ये शहरात ६९ वॉर्ड होते. नंतर २९ गावं जोडली आणि ८५ झाले. त्यामुळे २०११ चा वॉर्ड क्रमांक आणि आजचा क्रमांक यांचा संबंध लावू नका. आजच्या हद्दीची २०११ ची लोकसंख्या हवी असेल तर त्या गावांचे आकडे ग्रामीण तक्त्यातून काढून मिळवा. पुढची गणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, तिचे भाषेचे तक्ते यायला वेळ लागेल. २०११ चे २०१८ मध्ये आले होते.

रामबागकर

शेवटचं एक. भंवरकुआंकडे कोचिंगला आलेली महाराष्ट्रातली पोरं धरायची का?

नमुना_निवड

मेस असलेल्या वसतिगृहातली नाही, ती संस्थात्मक लोकसंख्या. चार पोरांनी खोली घेऊन एकत्र स्वयंपाक केला तर ते एक घर, धरा. वसतिगृहाच्या वॉर्डनचं कुटुंब आपली वेगळी चूल करत असेल तर तेही सर्वसाधारण घर. फॉर्मवर "विद्यार्थी बिऱ्हाड" असा वेगळा चौकोन ठेवा आणि सरासरी काढताना त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही काढा.