जीटी८६ला ३५ ऑफसेट? जरा थांबा
८ इंच रुंद, ३५ ऑफसेटची चाकं टोयोटा जीटी८६ला बसतील का, असं विचारलंत. बसतील हो, पण बाहेर किती येतील ते बघा. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून ते हबला (चाक जिथे बसतं तो भाग) टेकतं तिथपर्यंतचं मिमीतलं अंतर; ते घटलं की चाक बाहेर सरकतं. कंपनीचं १७ इंची चाक ७ इंच रुंद, ऑफसेट ४८. रुंदी इंचाने वाढली की दोन्हीकडे १२.७ मिमी वाढतात. वर ऑफसेट १३ने घटला, म्हणजे बाहेरची कड २५.७ मिमी बाहेर. आतली जागेवरच! गाडीची उंची कमी केली असेल तर खड्ड्यात टायर फेंडरला घासायची भीती. त्यापेक्षा ४५ ऑफसेट घ्या. बाहेर १५.७, आत ९.७, आत स्ट्रटपाशी (सस्पेन्शनचा उभा दांडा) बोट घालून जागा तेवढी चाचपा. आणि हबच्या मधल्या गोलाचं माप ५६.१ मिमी. चाकाचं भोक त्याहून मोठं असेल तर फट भरणारी रिंग हवीच. माझ्या दुकानदाराने घातली नव्हती. नव्वदला स्टिअरिंग थरथरायचं आणि मी आपला दोनदा बॅलन्सिंग करून बसलो.