नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, चुंचाळे की आडगाव? २९ लाखांचा टू बीएचके घेताना काय काय तपासावं?

प्रश्न : मुक्काम_अंबड

दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५२ हजार, शिल्लक ६ लाख. नवऱ्याची नोकरी अंबड एमआयडीसीत, तीन शिफ्टची. माझी द्वारकेजवळ, दहा ते सहा. गंगापूर रोड, इंदिरानगर आवाक्यात नाही, त्यामुळे पाथर्डी फाट्याच्या पुढचा भाग, चुंचाळे–अंबड लिंक रोड आणि आडगाव शिवार एवढंच उरतं. तिन्हीकडे बांधकाम चालू असलेला "९०० फुटी" टू बीएचके २९ लाखांपर्यंत सांगतात.

या भागांत राहायला नेमके कोण येतात, पाच-सात वर्षांनी विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळेल का, आणि २९ लाखांच्या वर प्रत्यक्षात किती जातात? "भाव वाढणारच" सोडून काहीही सांगा.

सिडको_चौथी_स्कीम

ताई, आधी भाडेकरू कोण ते बघा, दर मग. गावाच्या टोकाचा फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाईक शहरभरातून येत नाही. ते बहुतेक त्याच रस्त्यावर भाड्याने राहणाऱ्यांतून येतं.

अंबड-सातपूर पट्ट्यात ते गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातला माणूस. यात दोन थर आहेत आणि बिल्डर ते मुद्दाम एकत्र करून सांगतात. पहिला थर कंत्राटी कामगारांचा: बराचसा परप्रांतीय किंवा जिल्ह्याबाहेरचा, चौघं मिळून एक खोली घेणारा, कंपनी बदलली की खोलीही बदलणारा. त्याला वन आरके (एक खोली आणि किचन) लागतं, तेही पायी अंतरावर. चुंचाळे, अंबड गाव, लिंक रोड इथली मागणी ही. तिथे टू बीएचके भाड्याने जातो, पण फुटामागे मिळणारं भाडं वन आरकेपेक्षा कमी पडतं. दुसरा थर पर्मनंट झालेल्यांचा, कुटुंब घेऊन आलेल्यांचा. यात जळगाव, धुळे, नंदुरबार आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली मंडळी भरपूर. सिडको वसाहतीत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई देवीची मिरवणूक बघितली की खानदेश इथे किती वसलाय ते वेगळं सांगावं लागत नाही. ही माणसं आधी सिडकोत भाड्याने राहतात, मुलं शाळेत गेली की दोन खोल्यांचा फ्लॅट शोधतात आणि नातेवाइकांच्या जवळपास म्हणून पाथर्डी फाटा, वासननगरकडे सरकतात. तुमच्या फ्लॅटचं उद्याचं गिऱ्हाईक हे.

आडगावची गोष्ट निराळी. तिथे मेडिकल कॉलेज, शहराच्या बाजूला के. के. वाघ कॉलेज, पुढे ओझरला एचएएलचा विमान कारखाना. शिवाय निफाड, चांदवड, दिंडोरीचे द्राक्ष-कांदा बागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी तिकडे घर घेतात. हे गिऱ्हाईक कर्जावर कमी आणि हंगामावर जास्त चालतं. बागेचे पैसे झाले तर चौकशा, गारपीट झाली की सगळं थंड. विकायची घाई असली तर हे अडचणीचं.

आकड्यांचं म्हणाल तर हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची: महापालिका हद्दीत १४,८६,०५३ लोक, २००१ मध्ये १०,७७,२३६. म्हणजे दहा वर्षांत ३८ टक्के वाढ. त्यानंतरचा जो आकडा छापील पत्रकात दिसेल तो अंदाज समजा. त्यापेक्षा शेजारच्या तीन-चार वर्षं जुन्या इमारतीच्या मीटर रूममध्ये डोकावा. किती मीटर बसलेत, किती चौकटी अजून रिकाम्या, हे मोजा. मग रात्री नऊला समोर उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजा. चाळीसपैकी पंधरा घरं अंधारात असतील तर ती गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेली आहेत, आणि तुम्ही विकायला काढाल तेव्हा तीही बाजारात असतील. शिवाय अशा सोसायटीत मेंटेनन्स थकतो, लिफ्ट बंद पडली की बंदच राहते.

तुमच्या शिफ्टच्या हिशेबाने आडगाव मी काढून टाकेन. अंबड आणि आडगाव ही शहराची दोन टोकं, मध्ये द्वारका चौक, आणि शिफ्ट सुटणार रात्री अकराला. सिटीलिंकच्या भरवशावर राहायचं तर शेवटची बस किती वाजता ते आधी बघा.

टेप_घेऊन_जा

पैशाचा हिशेब मांडतो. घराची किंमत २९ लाख धरू.

मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्था कर १ टक्का, मिळून १,७४,०००. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,०००, इथे २९,०००. बांधकाम चालू असताना घेतलात तर जीएसटी. कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ९० चौरस मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांच्या आत असली की नाशिकसारख्या शहरात तो १ टक्का, म्हणजे आणखी २९,०००. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळाल्यावर घेतलात तर जीएसटी शून्य. इथेच बरेच जण फसतात, तयार फ्लॅटवरही "टॅक्स" म्हणून ५ टक्के मागितले जातात.

हे झाले २,३२,०००. बँक २९ लाखांच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, म्हणजे २६,१०,००० आणि तुमचे २,९०,०००. मुद्रांक, नोंदणी, जीएसटी सगळं तुमच्या खिशातून. बेरीज ५,२२,०००. उरले ७८ हजार, आणि त्यातून वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, मीटर, सोसायटीची अनामत, ग्रिल, ओटा, पंखे. म्हणजे ६ लाखांत हे बसतं, पण हात कोरा करून.

हप्ता साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला साधारण ८६८, म्हणजे २२,६५० च्या आसपास. पगाराच्या ४३-४४ टक्के. ताबा मिळेपर्यंत चालू घरभाडं आणि हप्ता दोन्ही भरावं लागणार, हे धरून बघा.

घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सवलत, २९ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव मालकीत आलं की सवलत गेली; खरेदीदार सगळ्या महिलाच हव्यात. कर्जात मात्र ते सहकर्जदार राहू शकतात. फक्त मालकी नसल्यामुळे त्यांना व्याजाची आयकर वजावट मिळणार नाही. जुनी करप्रणाली वापरत असाल तरच याचा विचार करायचा.

आता ते "९०० फूट". रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यात विक्री कार्पेटवर. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, मंजूर नकाशा आणि कार्पेट तिथेच सापडेल. ९०० सांगितलेला फ्लॅट कार्पेटला ६३० निघाला तर दर ३,२२२ नव्हे, ४,६०३ रुपये फूट पडतो. तिन्ही भागांची तुलना याच आकड्याने करा, नाहीतर जास्त लोडिंगवाला (कार्पेटवर जिना-पॅसेजचे फूट चढवलेला) स्वस्त वाटेल. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत. सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप लावा आणि बेडरूमची रुंदी आतून आतून मोजा. ९ फुटांच्या खोलीत ६ बाय साडेसहाचा पलंग आडवा टाकून कपाट उघडत नाही. सॅम्पलमध्ये मुद्दाम लहान पलंग ठेवलेला असतो, त्यालाही टेप लावा!

किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी देऊ नका, बिल्डरलाही कायद्याने घेता येत नाही. पार्किंग करारनाम्यात क्रमांक आणि लांबी-रुंदीसह लिहून घ्या. "स्टिल्टमध्ये कुठेही लावा" म्हणजे पार्किंग नाही.

मुकणे_पाईपलाईन

पाण्याचं कोणी बोललं नाही अजून. टोकाच्या वसाहतीत घर स्वस्त असण्याचं अर्ध कारण तेच असतं.

शहराला पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे या तीन धरणांवरून. मुकण्याचं पाणी विल्होळीला शुद्ध होऊन येतं, त्यामुळे पाथर्डी फाट्याची बाजू कागदावर चांगली. पण शुद्धीकरण केंद्र जवळ असणं आणि तुमच्या गल्लीत वितरण वाहिनी असणं या दोन वेगळ्या गोष्टी. विभागीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारा: या सर्व्हे नंबरपर्यंत वाहिनी किती इंची आणि जलकुंभ कोणता. कम्प्लिशन नसलेल्या इमारतीला नियमित नळजोडणी मिळत नाही आणि मग सगळं बोअरवर.

बोअरचा हिशेब असा. चाळीस फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर: २१,६०० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज. आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट, पाणी भेगांतून येतं, मार्च-एप्रिलला भेगा कोरड्या पडतात. म्हणून घर बघायला ऑगस्टमध्ये जाऊ नका. गेलातच तर शेजारच्या सोसायटीच्या खजिनदाराकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची व्हाउचरं मागा. नळाच्या तोटीवर पांढरा थर बघा आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) सोबत न्या. पिण्याला ५०० पर्यंत ठीक, २००० च्या वर तर दुसरा स्रोत नसतानाही चालत नाही.

पाथर्डी शिवारात महापालिकेचा खतप्रकल्प आहे. साइट त्याच्या कोणत्या अंगाला आहे ते बघा आणि पावसाळ्यात संध्याकाळी एक चक्कर मारा. सकाळी अकराला वास येत नाही आणि साइट व्हिजिट नेमकी तेव्हाच ठेवतात. नासर्डी, वालदेवीच्या काठाला असेल तर निळी आणि लाल पूररेषा नगररचना विभागाकडून पाहून घ्या.

घरपट्टीही विचारा. एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींचं करयोग्य मूल्य बरंच वाढवलेलं आहे, त्यामुळे सिडकोतल्या जुन्या फ्लॅटची पावती बघून नव्याचा अंदाज बांधू नका.

मुक्काम_अंबड

आडगाव सोडलं. एक विचारते, गौळाणे-विल्होळीकडे दीड गुंठ्यात रो हाऊस २२ लाखांत म्हणतात. "सात-बाऱ्यावर नाव लागेल" असं सांगितलंय. आणि सिडकोतलं जुनं घर त्याच पैशात मिळालं तर?

फेरफार_बघा

दीड गुंठा म्हणजे १,६३३ फूट. प्रश्न जागेच्या आकाराचा नाहीच, ती जागा मंजूर लेआउटमधली आहे का हा आहे. मागायचे कागद तीन: बिनशेती आदेश किंवा सनद, मंजूर अभिन्यासाचा नकाशा आणि त्यावर तुमच्या प्लॉटचा क्रमांक, आणि बांधकाम परवानगी. महापालिका हद्दीबाहेर परवानगी एनएमआरडीए (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देतं, ग्रामपंचायतीचा दाखला चालत नाही.

"सात-बाऱ्यावर नाव" याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की एकरभर शेतीच्या सामायिक उताऱ्यावर वीस-पंचवीस जणांची नावं लागतात, कोणाचा तुकडा कुठला हे उताऱ्यात कुठेच नाही. उद्या एकाने मोजणी मागितली की वाद. तुकडेबंदीत (शेतीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीत) वेळोवेळी सवलती आल्या, पण सवलत म्हणजे बिनशेती नव्हे. अशा घराला बँक कर्ज देत नाही. आणि जे बँक तारण घेत नाही ते उद्या विकायला निघाल्यावर गिऱ्हाईकही रोखीवालंच लागतं, तेही भाव पाडून मागणारं. नोटरी केलेलं साठेखत (विक्रीचा नुसता करार) आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन २२ लाख देणं म्हणजे पावती घेऊन पैसे देणं, मालकी नाही. उताऱ्यातला "इतर हक्क" रकाना वाचा: कूळ, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळं तिथे असतं. फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) क्रमांक उलटे धरून मागे मागे जा, वारसांपैकी बहिणींची हक्कसोड नोंदणीकृत आहे का बघा. दावे बहुतेक तिथूनच निघतात.

सिडकोचं घर मुळात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेलं असतं. विकणाऱ्याच्या नावावर सिडकोच्या दप्तरी हस्तांतरण झालंय का ते आधी बघा. मधल्या दोन मालकांनी कागद केलेच नसतील तर ती साखळी आधी पूर्ण करावी लागते आणि खर्च कोणाचा यावर व्यवहार अडतो. दुसरं, वर चढवलेला मजला. मंजुरी नसली तर बँक मूल्यांकनात तो धरत नाही. घर २९ लाखांना ठरलं आणि बँकेने तळमजला तेवढा धरून २० लाख मूल्य काढलं, तर कर्ज त्या २० लाखांवर, १८ लाखांच्या आसपास. उरलेले ११ लाख तुमचे. ६ लाखांत जमणार नाही.

सिडको_चौथी_स्कीम

फेरफार भाऊंच्या म्हणण्यात एक भर. म्हाडाच्या नाशिक मंडळाची सोडत लक्षात ठेवा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के वाटा अल्प उत्पन्न गटांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि त्यातली घरं पाथर्डी, आडगाव अशाच बाजूंना निघतात. उत्पन्नाची मर्यादा कोणती ते जाहिरातीत बघा आणि दोघांचा पगार एकत्र धरतात हे विसरू नका.

मुक्काम_अंबड

शनिवारी पाथर्डी फाट्याच्या दोन साइट. टेप, टीडीएस मीटर आणि महारेराचा नकाशा छापून नेते. मीटर रूम बघू देतील का?

टेप_घेऊन_जा

त्यांच्या साइटवर मीटर रूम अजून रिकामीच असेल. शेजारच्या इमारतीत वॉचमनला "भाड्याने घर आहे का" विचारा. कुठला फ्लॅट किती महिने रिकामा आहे ते तो बोटावर मोजून सांगतो, आणि पाणी किती वाजता येतं तेही.