मदत हवी आहे: नवऱ्याच्या नावाने बॅलट आलंय, तो सिटिझन नाही (कॅलिफोर्निया)

मृण्मयी_के: लवकर सांगा प्लीज. घरी जाड लिफाफा आलाय, वर मोठ्या ठळक अक्षरांत 'ऑफिशियल बॅलट एन्क्लोज्ड', नाव नवऱ्याचं आणि तो अजून ग्रीनकार्डवर आहे. आत घरावरच्या एका नव्या टॅक्सला हो/नाहीचे चौकोन आणि खाली सही. हा टॅक्स आम्हाला नकोच आहे पण सही केली तर पुढे सिटिझनशिपला नडेल का? आणि फेकून दिलं तर ते 'हो' धरतात का? मागे इथलाच एक टॅक्स 58 टक्के मतं मिळून आपटला, मग पास व्हायला लागतात तरी किती?

बंडू_बे_एरिया: सही अजिबात करू नका!! नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे, डिपोर्टेशनपर्यंत जातं प्रकरण. सिटिझनशिपच्या अर्जावर, म्हणजे एन-400 फॉर्मवर, सरळ प्रश्न असतो, कधी मत दिलंय का, मतदार म्हणून नाव नोंदवलंय का. लिफाफा परत पाठवा.

फ्रीमाँटकर: अहो लगेच घाबरवू नका त्यांना. मृण्मयीताई, पाठवलंय कुणी? काउंटीच्या रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सने की सिटीने? निवडणुकीतल्या प्रस्तावांना देतात तसं मेझर ए, मेझर बी असं काही अक्षर आहे का त्यावर? घर तुमच्या मालकीचं ना?

मृण्मयी_के: घर आमचंच, म्हणून तर टॅक्स. बाकीच्याने काय फरक पडतो? सही करायची की नाही एवढंच हवंय मला.

फ्रीमाँटकर: सगळा फरक त्यानेच पडतो. कागद नीट बघून सांगा.

काका_सनीवेल: 58 टक्क्यांचं मी सांगतो. 1978 ला प्रॉप 13 (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, राज्यभर मताला टाकलेला प्रस्ताव) पास झालं, त्याने प्रॉपर्टी टॅक्स 1 टक्क्यावर बांधला, घराची असेस्ड व्हॅल्यू, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढते आणि ठरावीक कामासाठीच्या स्पेशल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात. तुमचा तो टॅक्स याच्यातलाच असणार. पैसे सिटीच्या सामान्य तिजोरीत जाणार असतील तर निम्म्याहून एक मत जास्त मिळालं तरी पुरतं. शाळांच्या बाँडला (कर्जरोख्यांना) 2000 च्या प्रॉप 39 पासून अटी पाळून 55 टक्के. ही अट आहे म्हणून रिटायर झालेल्या आमच्यासारख्यांची घरं टिकली, हे तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावं.

आई_ऑफ_टू: काका तुमची घरं टिकली पण त्याच गल्लीत नंतर चढ्या किमतीला घर घेतलेले आम्ही शेजाऱ्याच्या कितीतरी पट टॅक्स भरतोय त्याचं काय? शाळेच्या पार्सल टॅक्सला (दर जागेमागे लावायच्या टॅक्सला) 65 टक्के लोक हो म्हणाले तरी हरतो, म्हणजे 35 टक्के 65 ला भारी. 2024 ला प्रॉप 5 आलं होतं, परवडणारी घरं आणि रस्ते-पाण्याच्या बाँडला 55 टक्के करायला, तेही पडलं.

काका_सनीवेल: लोकांनीच पाडलं ना? घरावर वर्षानुवर्षांचं कर्ज चढवायचं तर जास्त लोकांची संमती नको का?

कायदा_किडा: दोन तृतीयांश दर वेळी नाही हं. 2017 च्या अपलँड केसमधला राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल धरून अपील कोर्टांनी म्हटलंय की नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या स्पेशल टॅक्सला साधं बहुमत पुरतं. सिटी कौन्सिलने स्वतः आणला तर दोन तृतीयांश.

कोल्हापूरचा_पाव्हणा: आपल्याकडं आडवी बाटलीचं मतदान याहून अवघड. 25 टक्के बायकांनी सह्या दिल्या की मतदान लागतं, पण दारूचं दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. निम्म्या बायका भांगलायला गेल्या असल्या की संपलं, न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीकडंच धरल्यासारखी.

मृण्मयी_के: बाटली कुठून आली मध्येच, माझं राहिलं बाजूला! बघितला कागद. सिटीनेच पाठवलाय, अक्षर बिक्षर काही नाही. 'प्रपोज्ड असेसमेंट' 148 डॉलर वर्षाला, स्ट्रीटलाइट आणि पार्कची देखभाल, पार्सल नंबर आणि पब्लिक हिअरिंगची तारीख.

फ्रीमाँटकर: हे आधी सांगितलं असतं तर! ही निवडणूक नाहीच, 1996 च्या प्रॉप 218 खालचं असेसमेंट बॅलट आहे, म्हणजे जागेला मिळणाऱ्या सोयीसाठी लावायच्या आकारणीवर मालकांचा कौल. हे जागेच्या मालकाला येतं, तो मतदार असो नसो, मालक कंपनी असली तर कंपनीलाही येतं. ही प्रक्रिया निवडणुकीत मोडत नाही असं राज्याच्या कायद्यातच लिहिलंय. आणि इथे मोजणी डोक्यांची नाही, डॉलरची. तुमचं वजन 148, कोपऱ्यावरच्या शॉपिंग सेंटरचं कदाचित कित्येक हजार. परत आलेल्या बॅलटमध्ये 'नाही'चे डॉलर 'हो'पेक्षा जास्त भरले तर असेसमेंट लावता येत नाही. न पाठवलेलं कुणाच्याच बाजूने धरत नाहीत, म्हणून फेकू नका. सही मात्र हवीच.

बंडू_बे_एरिया: मी तरी वकिलाला विचारल्याशिवाय सही करणार नाही. इमिग्रेशनमध्ये एक चूक म्हणजे आयुष्याचा प्रश्न.

फ्रीमाँटकर: विचारा की, पण कागद समोर ठेवून विचारा, नुसतं 'बॅलट आलंय' म्हणालात तर तोही नाहीच म्हणेल.

मृण्मयी_के: 'नाही'वर खूण करून सही केली त्याने. आज पोस्टात टाकते. थँक्यू.

फ्रीमाँटकर: हिअरिंग कधी आहे?

मृण्मयी_के: मंगळवारी संध्याकाळी.

फ्रीमाँटकर: मग पोस्टात टाकू नका! इथे पोस्टाच्या शिक्क्याची तारीख चालत नाही, हिअरिंगमधली लोकांची बोलणी संपायच्या आत त्यांच्या हातात पडलं पाहिजे. सोमवारी सिटी क्लार्कच्या काउंटरवर स्वतः नेऊन द्या. लिफाफा बंद करूनच द्या, हिअरिंग संपेपर्यंत तो उघडत नाहीत, आणि विचार बदलला तर लोकांची बोलणी संपेपर्यंत बदलूनही मिळतं.