मदत हवी आहे: राधानगर बीचचा सूर्यास्त बघून त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरला परत येता येईल का?

छावणीकर_इंदूर
तिकिटं आज रात्री काढायची आहेत, जरा लवकर सांगा. अंदमानला राधानगर बीचवर आईबाबांना न्यायचंय. मी आधी जाऊन आलोय, इतका सुंदर किनारा मी दुसरा पाहिला नाही. आईला तिथला सूर्यास्त दाखवायचाच आहे. हॉटेल पोर्ट ब्लेअरलाच ठेवलं आणि सकाळच्या बोटीने गेलो, तर सूर्यास्त बघून रात्री परत येता येईल का? हो की नाही, एवढंच हवंय.

नर्मदाकाठ
महिना कोणता? पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी रद्द होतात. आणि माणसं किती?

छावणीकर_इंदूर
जानेवारी. तिघं.

दीपस्तंभ७
नाही. राधानगर हॅवलॉक बेटावर आहे आणि तिथून शेवटची बोट सूर्यास्ताच्या आधीच निघते, रात्री प्रवासी बोट नसते. शिवाय राधानगर जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर, बेटाच्या पश्चिमेला आहे. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आपल्या इंदूरपेक्षा पाऊण तास तरी आधी. घड्याळ सगळ्या देशाचं एकच आणि बेटं पार पूर्वेला, म्हणून. बेटावर मुक्काम करा.

रामबागची_माई
आईबाबांचं वय काय? बोटीत चढायला फळीवरून जावं लागतं आणि ती हलते.

छावणीकर_इंदूर
आई अडुसष्ट, दोन्ही गुडघे बदललेत. बाबा ठणठणीत आहेत. पण मी बोटीच्या वेळेचं विचारलं होतं.

रामबागची_माई
अहो, गुडघ्यांचं कळल्यावर उत्तर बदलतं ना! एका दिवसात जाऊन-येऊन दोन-दोन तास बोट आणि वर जीपचे हेलकावे, त्यांना झेपणार नाही. दोन रात्री तिथेच राहा. खासगी बोटीचं तिकीट काढा, आत एसी आणि नीट खुर्च्या असतात.

दर्यावर्दी_बडोदा
खासगी नको. बऱ्याच खासगी बोटींत बाहेर उभं राहता येत नाही, बंद काचेआड मळमळतं. सरकारी बोट स्वस्त आहे, डेकवर मोकळा वारा मिळतो. माझ्या सासूबाई सरकारी बोटीनेच गेल्या, काही त्रास झाला नाही.

रामबागची_माई
सरकारी बोटीचं तिकीट हाताशी आल्याशिवाय खरं नाही! म्हाताऱ्या माणसांना रांगेत कुठे उभं करणार? मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्यायची, पण डॉक्टरांना विचारून.

कोकणप्रेमी
एवढा खर्च कशाला? तारकर्लीला जा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघा, सूर्यास्तही पश्चिमेलाच होतो.

छावणीकर_इंदूर
तारकर्ली झालीय आमची. मला राधानगरच दाखवायचंय.

शिंदेछावणी_ग्वाल्हेर
पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल चुकवू नका. सावरकर 1911 ते 1921 तिथेच होते. त्यांची कोठडी बघताना बाबांचे डोळे भरून येतील. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमासाठी वेळ राखून ठेवा. त्यापुढे बीच काय, कुठेही असतो.

दीपस्तंभ७
जेल बघाच, पण मुळात विचारलंय बीचचं. एक सांगतो, तिकिटावर हॅवलॉक नसेल, स्वराज द्वीप असेल. 2018 साली नाव बदललं. पोर्ट ब्लेअरचंही 2024 पासून श्री विजयपुरम आहे. शोधताना दोन्ही नावं टाका. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच हॅवलॉक सोडा. सकाळची बोट रद्द झाली तर विमान गेलंच.

नर्मदाकाठ
पाण्यात उतरणार असाल तर गार्ड असतील तिथेच. 2010 साली राधानगरजवळच्या नील्स कोव्हला मगरीच्या हल्ल्यात एक पर्यटक स्त्री गेली. खाडीच्या तोंडाशी जाऊ नका, अंधार पडायच्या आत बाहेर या.

छावणीकर_इंदूर
ठीक, मुक्काम हॅवलॉकलाच, दोन रात्री. मग एक रात्र पोर्ट ब्लेअर, जेल तेव्हा. हॉटेल राधानगरला घ्यावं की विजयनगरला?

रामबागची_माई
विजयनगर? आपल्या इंदूरचं?

दर्यावर्दी_बडोदा
हॅवलॉकचं, बेटाच्या पूर्वेकडचा पाच नंबरचा बीच. तिथे सूर्योदय छान, जेट्टीही जवळ. पण आईंसाठी जात असाल तर राधानगरलाच घ्या. दुपारभर खोलीत पाय पसरून आराम आणि साडेचारला हळूहळू किनाऱ्यावर.

छावणीकर_इंदूर
हेच करतो. अजून एक, आईला वाळूत खाली बसता येत नाही. तिथे बसायला काही आहे का?

दीपस्तंभ७
झाडांच्या सावलीत बाक आहेत, पण सूर्यास्ताच्या वेळी गर्दीत मिळेलच असं नाही. घडीची हलकी खुर्ची सामानात टाका.