घानाकडे मागणीपेक्षा अधिक स्थापित क्षमता असूनही भारनियमन का होते?

उत्तरायण (धागाकर्ता)

घानाच्या वीजक्षेत्राविषयी वाचताना एक विसंगती मला सतत खटकते आहे. 2019 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री केन ओफोरी-आटा यांनी संसदेत सांगितले होते, की देशाची स्थापित क्षमता 5,000 मेगावॅटच्या पुढे गेली असून सर्वोच्च मागणी मात्र 2,700 मेगावॅटच्या आसपास आहे, आणि न वापरलेल्या विजेपोटी वर्षाला 50 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागते. त्याच देशात 2012 ते 2015 या काळात ‘दुमसोर’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले भारनियमन चालू होते आणि 2024 मध्ये ते पुन्हा डोके वर काढताना दिसले. क्षमता कमी होती म्हणून वीज गेली, हे 2013 पुरते पटते. पण नंतरचे कसे समजावे? पारेषणातील बिघाड, व्यवस्थापनातील ढिसाळपणा ही कारणे वरवरची वाटतात. जाणकारांनी मुळापासून सांगावे, ही विनंती.

पाणवठा

स्थापित क्षमता म्हणजे हाती असलेली वीज नव्हे, हे घानाइतके स्पष्ट फार थोड्या देशांत दिसते, आणि त्याची सुरुवात अकोसोंबोपासून होते. व्होल्टा नदीवरील या धरणाचे बांधकाम 1961 मध्ये सुरू झाले, जानेवारी 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी त्याचे उद्घाटन केले आणि पुढच्याच महिन्यात त्यांची सत्ता उलथवली गेली. सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचा जलाशय त्यातून निर्माण झाला आणि जवळपास 80,000 लोकांना घरे सोडावी लागली. सहा जनित्रांची मिळून 912 मेगावॅट असलेली क्षमता नूतनीकरणानंतर 1,020 मेगावॅट झाली. खालच्या अंगाला क्पाँगचे 160 मेगावॅटचे धरण 1982 मध्ये आले.

मात्र हा जलाशय भरतो तो केवळ घानातल्या पावसाने नव्हे. व्होल्टाचे खोरे सहा देशांत पसरलेले असून वरच्या अंगाला बुर्किना फासोचा मोठा कोरडा प्रदेश आहे. तिथे पाऊस रुसला, की पाणीपातळी 240 फुटांच्या किमान मर्यादेकडे सरकते आणि जनित्रे धडधाकट असूनही बंद ठेवावी लागतात. 1983-84, 1997-98 आणि 2006-07 या तिन्ही वेळी नेमके हेच घडले. याउलट 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी इतके वाढले, की सांडव्यातून सोडलेल्या विसर्गाने खालच्या व्होल्टाकाठची मेपेसारखी गावे बुडाली.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या धरणातील विजेचा मोठा वाटा टेमा येथील व्हाल्को या अॅल्युमिनियम कारखान्यासाठी राखून ठेवलेला होता. कारखान्याची मालकी अमेरिकी कंपन्यांकडे होती, वीज अत्यल्प दराने दिली जात होती, आणि स्वतःच्या भूमीत बॉक्साइट असूनही घाना त्या कारखान्यासाठी अॅल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेला कच्चा माल) बाहेरून येताना पाहत राहिला. 1985 मध्ये दर सुधारून घेण्यात आले खरे, परंतु स्वस्त जलविद्युत म्हणजे कायमची हमी, ही समजूत तोवर धोरणात घट्ट रुजलेली होती.

चक्रवात

पाणवठा यांनी जिथे थांबवले, तिथून पुढचा भाग इंधनाचा आहे, आणि माझ्या मते आजच्या भारनियमनाचे उत्तर पाण्यापेक्षा नैसर्गिक वायूत अधिक सापडते. 1997-98 च्या अवर्षणाच्या सुमारास ताकोराडीजवळ अबोआद्झे येथे औष्णिक केंद्र उभे राहिले. वायू टर्बाइनच्या उष्ण निकासावर वाफ तयार करून तिच्यावर आणखी एक टर्बाइन फिरवायचे, अशी संयुक्त चक्राची ही रचना असून आरंभी ती हलक्या कच्च्या तेलावर चालत असे. तेल महाग, म्हणून सारी भिस्त पश्चिम आफ्रिकी वायुवाहिनीवर ठेवण्यात आली. नायजेरियातून निघून बेनिन आणि टोगोच्या किनाऱ्यालगत समुद्राखालून ताकोराडीपर्यंत येणारी ही वाहिनी 678 किलोमीटर लांब आहे. ऑगस्ट 2012 मध्ये टोगोजवळ चाच्यांच्या हल्ल्याच्या प्रकरणात एका जहाजाच्या नांगराने ती तुटली आणि कित्येक महिने वायू बंद राहिला. दुमसोरच्या त्या दीर्घ पर्वाची ठिणगी हीच होती.

पुढे घानाला स्वतःचा वायू मिळाला. जुबिली तेलक्षेत्रातील वायूवर प्रक्रिया करणारे अटुआबोचे केंद्र 2014 च्या अखेरीस सुरू झाले आणि 2018 पासून सान्कोफा क्षेत्राचा वायू येऊ लागला. मात्र हा सर्व वायू देशाच्या पश्चिम टोकाला, आणि औष्णिक केंद्रांचा मोठा समूह पूर्वेला टेमा येथे! त्यामुळे पश्चिमेला वायू उपलब्ध असतानाही टेमातील केंद्रांना नायजेरियाकडे तोंड करून बसावे लागे. अखेर त्याच वाहिनीतून उलट्या दिशेने, म्हणजे ताकोराडीकडून टेमाकडे, वायू वाहून नेण्याची सोय करण्यात आली. तुर्की कंपनीचे 470 मेगावॅटचे तरंगते वीजकेंद्रही 2019 मध्ये टेमाहून सेकोंडीला हलवून जड तेलाऐवजी वायूवर आणले गेले. देशात एकूण वायू किती, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. तो कोणत्या टोकाला आणि किती दाबाने मिळतो, हे पाहावे लागते. 2025 च्या आरंभी वाहिनीच्या अंतर्गत सफाईसाठी नायजेरियाकडचा पुरवठा थांबवला, तेव्हा हेच गणित पुन्हा मांडावे लागले.

खोचक

या सगळ्यात 2015 ची घाई विसरू नये. वर्षअखेरपर्यंत भारनियमन संपवीन, अन्यथा पद सोडीन, असे म्हणणारे वीजमंत्री क्वाबेना डोंकोर यांनी खरोखरच 31 डिसेंबर 2015 रोजी राजीनामा दिला. राजकारण्याचा शब्द इतका काटेकोरपणे पाळला गेल्याचे उदाहरण विरळाच. वीज मात्र त्याने आली नाही.

हिशेबनीस

तीच घाई मूळ प्रश्नातील 50 कोटी डॉलरपर्यंत घेऊन जाते. टंचाईच्या काळात सरकारने एकामागून एक खासगी उत्पादकांशी करार केले, आणि त्यांपैकी बहुतेक ‘वीज घ्या किंवा न घेता पैसे भरा’ या अटीचे होते. वाटाघाटीला वेळ नव्हता, मागणीचा अंदाज फुगलेला होता आणि प्रत्येक करार स्वतंत्रपणे तपासला गेल्याने सगळ्यांची बेरीज कुणी केलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परिणामी 2019 मध्ये क्षमता दुपटीच्या जवळ पोहोचली आणि बिल दारात उभे राहिले.

आता पैशाची साखळी पाहावी. ग्राहक वितरण कंपनीला सेडीत, म्हणजे घानाच्या चलनात, बिल भरतो. उत्पादकांचे आणि वायूचे देणे मात्र डॉलरमध्ये असते. 2022 मध्ये सेडी झपाट्याने घसरला आणि डिसेंबरमध्ये देशाने बहुतांश बाह्य कर्जाची परतफेड स्थगित केली. नियामक आयोग दर वाढवतो तोवर विनिमयदर पुढे निघून गेलेला असतो. त्यात वितरणातील हानी आणि वसुलीतील तूट मिळून खरेदी केलेल्या विजेचा मोठा हिस्सा पैसे न देताच निघून जातो. 2019 मध्ये वितरण खासगी कंपनीकडे सोपवण्याचा प्रयोग झाला. मार्चमध्ये ताबा दिला आणि ऑक्टोबरमध्ये करार रद्द केला. वितरण कंपनी थकली, की उत्पादक थकतो. उत्पादक थकला, की वायूचे बिल थकते. आणि वायू पुरवणारा झडप बंद करतो. जुलै 2023 मध्ये खासगी उत्पादकांनी थकबाकीमुळे केंद्रे बंद करण्याचा इशारा दिला होता, त्याचे मूळ यातच आहे. यंत्रे जागेवर असतात आणि ती स्थापित क्षमतेत मोजलीही जातात. इंधनाला पैसे नसल्याने ती फिरत नाहीत, एवढेच.

शिवाय 2019 चा ताळेबंद आज लागू नाही. सर्वोच्च मागणी 2023 मध्ये 3,600 मेगावॅटच्या पुढे गेली होती, तेव्हा कागदावरचा आधिक्याचा फुगा बराच आकसला आहे.

उत्तरायण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न उरतो. सूर्यप्रकाशाला इंधनही लागत नाही आणि वायुवाहिनीही लागत नाही. मग उत्तर घानात सौरऊर्जेचा विस्तार करून ही कोंडी फुटणार नाही का?

पाणवठा

अंशतः फुटेल. अडचण अशी, की घानातील सर्वोच्च मागणी संध्याकाळी असते आणि त्या वेळी सौरपट्ट्या काही देत नाहीत. म्हणून बुईचे उदाहरण मला अधिक आशादायक वाटते. ब्लॅक व्होल्टावरील 400 मेगावॅटचे हे धरण 2013 मध्ये पूर्ण झाले, परंतु वर्षभराच्या सरासरीने त्याची क्षमता तिसऱ्या हिश्शाइतकीही वापरता येत नाही, कारण तेवढे पाणीच नाही. तेथे 50 मेगावॅटचा सौरप्रकल्प जोडला असून जलाशयावर तरंगत्या पट्ट्याही बसवल्या आहेत. दिवसा सूर्यावर जितकी वीज मिळते, तितके पाणी साठून राहते आणि ते संध्याकाळी टर्बाइनवर सोडता येते. जनित्रे आणि पारेषण वाहिन्या आधीच उभ्या असल्याने खर्चही आटोक्यात राहतो. एकटा बुई देशाची तूट भरून काढणार नाही. पण नवी क्षमता उभारण्याऐवजी असलेली क्षमता वापरात आणण्याचा हा मार्ग आहे, आणि त्यासाठी कुणाशी डॉलरमधला वायूकरार करावा लागत नाही.