गच्चीवरचा गवती चहा: कापणी, वाटप आणि कपातलं गणित

सेक्रेटरी (ए-101): नमस्कार मंडळी. गच्चीवरचं गवती चहाचं बेट टाकीच्या पाइपाला टेकलंय. रविवारी सकाळी 8 वाजता कापणी आणि वाटप. रोप पाहिजे असेल तर कुंडी आणा. तुळशीची छाटणीही त्याच वेळी उरकू.

काकू (बी-204): गवती चहा कापा की खुशाल. पण रविवारी तुळस तोडत नाहीत, एकादशी-द्वादशीलाही नाही. ते शनिवारी सकाळी करा. मंजिऱ्याही तेव्हाच खुडा. बी धरायला लागली की तुळस पानं कमी काढते.

सेक्रेटरी (ए-101): मान्य. तुळस शनिवारी, गवती चहा रविवारी.

दादा (ए-002): कापताना उपटू नका. मातीच्या वर चार बोटं सोडून कात्रीनं कापा, परत फुटतंय. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पातीला ब्लेडची धार असते. उलटा हात फिरवला की बोट कापलंच.
रोपासाठी बेटाची एक कड फोडायची. एका कुंडीला दोन-तीन फुटवे, मुळांसकट. वरची पाती वीतभर ठेवून छाटा. लांब ठेवली तर मुळं धरायच्या आधीच पातीतून पाणी उडतं आणि रोप माना टाकतं. कुंडी 12 इंची. आपली सांगलीची काळी माती एकटी भरू नका, पावसात चिकटून बसते आणि मुळं कुजतात. निम्मी माती, पाव वाळू, पाव शेणखत.

सी-303: काही पात्यांवर तांबूस ठिपके आहेत. धुऊन चालतील का?

दादा (ए-002): तांबेरा आहे तो, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. ती पाती चहाला नको, खताच्या खड्ड्यातही नको. बेट दाट झालं, हवा खेळेना, वर पाऊस, की तो येतोच. म्हणून तर फोडायचं म्हणतोय.

वहिनी (बी-302): मी दहा मिनिटं खळखळ उकळते. घरभर वास सुटतो, पण कपात नुसतं गवताचं पाणी लागतं. काय चुकतंय?

काकू (बी-204): घरभर सुटला तोच तर कपातला वास! गवती चहाचा वास त्याच्या तेलात असतो, ते वाफेबरोबर उडतं. कडक वस्तू उकळायच्या, पानं मुरवायची.
दोन कपांसाठी सव्वादोन कप पाणी. अर्धा इंच आलं ठेचून, सोबत गवती चहाचा बुडखा (खालचा पांढरा जाड भाग) ठेचून टाकायचा. मंद आचेवर 5 मिनिटं. गॅस बंद. मग हातभर लांबीच्या तीन पाती बोटाएवढे तुकडे करून आणि तुळशीची 7-8 पानं टाकायची. घट्ट झाकण, 6-7 मिनिटं. झाकणाच्या आतलं पाणीही पातेल्यातच निथळू द्या, वास त्यात असतो.

वहिनी (बी-302): आमच्याकडे दुधाशिवाय चहा कुणी चहा मानत नाही 😄 आणि आल्यानं दूध नासतं.

काकू (बी-204): कच्च्या आल्यात दूध फाडणारं द्रव्य असतं, ते उकळल्यावर मरतं. म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळायचं, मग दूध. गूळ उकळत्या दुधात कधीच नको. कपात घ्या आणि वरून चहा ओता. पुदिना मात्र दुधात घालू नका, टूथपेस्ट प्यायल्यासारखं लागतं.

डी-104: हळद घालू का? सांगलीत राहून हळद नाही म्हणजे काय!

काकू (बी-204): 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं खरं. पण ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. दुधात घाला, तिथं तिचं काम आहे.

सी-303: सरकारी काढ्याचं प्रमाण कुणाकडे आहे?

डॉक्टर ताई (सी-402): आयुष मंत्रालयानं 2020 मध्ये दिलेलं: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरी 1. म्हणजे वाळलेली तुळस 40 ग्रॅम, दालचिनी 20, सुंठ 20, मिरी 10. या 90 ग्रॅमचे 3-3 ग्रॅमचे 30 डोस. एक डोस 150 मिली गरम पाण्यात, दिवसातून एकदा-दोनदा. पित्ताचा त्रास असेल तर मिरी-सुंठीनं जळजळ वाढते, त्यांनी नुसता गवती चहा घ्यावा.
ज्येष्ठमध चवीला गोड म्हणून रोज ढकलू नका, बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर रोजचा काढा आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

डी-104: कंपाउंडवरची गुळवेल?

डॉक्टर ताई (सी-402): ती नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. कंपाउंडवरची वेल नक्की कोणती, हे आपण तरी कुठं ओळखणार? आणि ताप दोन दिवसांच्या वर गेला तर काढा बाजूला ठेवून रक्त तपासा, डेंग्यूचे दिवस आहेत.

वहिनी (बी-302): उरलेली पाती वाळवून ठेवू?

दादा (ए-002): या हवेत अवघडच. उन्हात रंग-वास जातो, सावलीत दमट राहते. जुड्या बांधून पंख्याखाली पाच-सहा दिवस टांगा. वाकवल्यावर कडकन मोडली तरच बरणीत. नुसती वाकली तर आठवड्यात बुरशी. कुबट वास आला तर अख्खी बरणी फेका, वरचं काढून खालचं वापरू नका. त्यापेक्षा धुऊन कोरडी करा, तुकडे करून फ्रीजरला टाका.

सेक्रेटरी (ए-101): ठरलं. मोठी कात्री कुणाकडे आहे?

सी-303: माझ्याकडे आहे, पण बोथट आहे. शनिवारी धार लावून आणतो.